रिपोर्ट सगळ्यांनी बघितले, पोट कुणीच बघितलं नाही : माझा अनुभव

आप्पा चोरून खातात, असं बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी घरातली माणसंही त्यांच्या ताटाकडे संशयानं बघायला लागली. आज शुगर ताळ्यावर आली आहे, पण आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला या वयात खोटं ठरवलं, तो राग माझ्या मनातून जात नाही.

इन्शुलिन सुरू होईपर्यंत काही अडलं नाही. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिश्र इन्शुलिन (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं) लिहून दिलं. कसं टोचायचं ते मेडिकलमधल्या पोरानं काउंटरवरच दाखवलं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. आप्पा स्वतःच्या हातानं घेतात. बेंबीच्या डाव्या अंगाला हात सहज पोचतो, म्हणून रोज तिथंच. काही महिन्यांनी तिथं टोचलेलं जाणवेनासं झालं, तेव्हा तर ती जागा त्यांना जास्तच सोयीची वाटू लागली.

मग शुगर चढायला लागली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून पहाटेची बस, उपाशीपोटी रक्त, डब्यातलं जेवण, दोन तासांनी परत रक्त, रिपोर्टची वाट, मग नंबर. आत गेलं की डॉक्टरांची नजर कागदावर. "अज्जा, भात कमी करा," म्हणायचे आणि इन्शुलिन वाढवायचे. दर खेपेला हेच. आप्पांनी भात सोडून भाकरी धरली, चहातली साखर बंद केली, सणाला पोळीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. सकाळचा डोस ३८ युनिटवर गेला, तरी जेवणानंतरची शुगर तीनशेच्या पुढं. आणि मध्येच एखाद्या रात्री अंग घामानं थबथबलेलं, हात थरथरताहेत, मीटरवर ५४! साखरेचं पाणी पाजून उशाशी बसून राहायचं.

हे मी आत जाऊन सांगितलं. उत्तर आलं, "रात्री नीट जेवले नसतील." म्हणजे शुगर वाढली तर आप्पांनी जास्त खाल्लं, उतरली तर कमी खाल्लं! मी वही ठेवली होती. कधी काय खाल्लं, किती युनिट घेतलं, शुगर किती आली, सगळं तारीखवार. ती टेबलावर ठेवली तर बाजूला सारून रिपोर्ट मागितला. तिथं बीपी बघायला वेगळं टेबल, वजनाला वेगळं, रक्ताला वेगळी खिडकी. पण रोज दोनदा सुई जिथं टोचली जाते ती जागा बघणं हे कुणाचंच काम नव्हतं. "इंजेक्शन कुठं घेता?" हा प्रश्न कुणी विचारला नाही. बाहेर बाकावर बसलेली निम्मी माणसं इन्शुलिनवाली. त्यांनाही कुणी विचारत नव्हतं.

उलगडा केला तो माझ्या मेहुणीनं. ती चंदगडकडे नर्स आहे, यात्रेला आली होती. वही चाळून म्हणाली, "मामा, जरा शर्ट वर करा बघू." हाताला साबणाचा फेस लावून तिनं पोटावरून बोटं फिरवली. डोळ्यांना किंचित फुगवटा दिसत होता, पण बोटांखाली दोन गाठी लागल्या, रबरासारख्या. मलाही हात लावून बघायला लावलं.

इन्शुलिननं चरबीच्या पेशी वाढतात. एकाच जागी रोज टोचलं, त्यात तीच बोथट सुई परत परत वापरली, की अशी गाठ धरते. याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. तिथं दुखत नाही, म्हणून माणूस तिथंच टोचत राहतो. गाठीतलं इन्शुलिन रक्तात कधी उशिरा जातं, कधी एकदम. जेवणानंतर शुगर चढते आणि भलत्याच वेळी उतरते ती यामुळं. स्पेनमध्ये २०१३ साली छापून आलेल्या ४३० रुग्णांच्या पाहणीत जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना अशा गाठी होत्या. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट, आणि आम्हाला भाताबद्दल ऐकवत होते!

मेहुणीनं एक गोष्ट दोनदा बजावली : जागा बदलायची, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढाच डोस चांगल्या कातडीत घ्यायचा नाही. तिथं ते पूर्ण लागू पडतं आणि शुगर धोकादायक उतरू शकते. म्हणून परत तोच दवाखाना. या वेळी मी खुर्चीवरून उठलो नाही. "सर, आधी पोटाला हात लावून बघा, मग लिहा," म्हणालो. मागं लाइन ओरडत होती. डॉक्टरांनी हात लावला, गप्प झाले, आणि डोस ३८ वरून ३० वर आणला. तेवढं एक वाक्य ठासून बोललो याचा मला अभिमान आहे. पुढचे काही दिवस रोज चार वेळा शुगर तपासून आकडे कळवले. डोस आणखी उतरला. आप्पा परत थोडा भात खातात, सगळ्यांसमोर.

आता आम्ही पोटाचे चार भाग केलेत, आठवड्याला एक. आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर, बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडायची. मांडीवरही चालतं. सुई दर वेळी नवी. खर्च वाढतो हे खरं, पण वाढवत नेलेल्या इन्शुलिनचे पैसेही आम्हीच भरत होतो.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. हे घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवा.

गाठ चोळायची नाही, शेकायची नाही, नुसती मोकळी सोडायची. आप्पांची एक गाठ काही महिन्यांत विरली, दुसरी बारीक झाली आहे. मोकळी सोडूनही जी घट्टच राहते ती डॉक्टरांना दाखवा, कारण क्वचित ती वेगळ्या प्रकारची असते आणि आपोआप जात नाही.

आणि सिरिंज घेताना टोपणाचा रंग बघा. एका मिलीत ४० युनिट असतात त्या ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, मिलीत १०० युनिट असतात त्या १०० च्या इन्शुलिनला नारिंगी. ४० च्या बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजनं तेवढ्याच आकड्यापर्यंत ओढलं तर अंगात निम्मंसुद्धा जात नाही, आणि उलट झालं तर अडीच पट जातं. मेडिकलवाला घाईत कुठलीही हातात देतो, पाकीट तिथंच उघडून बघा.