मेजर राणे यांचे चार दिवस आणि पुढची सेहेचाळीस वर्षं

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी पाच जणांना परमवीरचक्र मिळालं. त्यातल्या तिघांना ते मरणोत्तर. उरले दोघे, करमसिंग आणि आपले रामा राघोबा राणे. ११ जुलै १९९४ ला राणे पुण्यात वारले, तेव्हा त्यांचं वय ७६ होतं. एप्रिल १९४८ मध्ये चार दिवस त्यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. त्या चार दिवसांनंतर ते सेहेचाळीस वर्षं जगले.

जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडियातला. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदलीच्या गावात मिळेल ती शाळा. १९४० मध्ये लष्कराच्या बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती, मग ब्रह्मदेशची आघाडी. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे नौशेरा-राजौरी रस्त्यावर उतरले तेव्हा खांद्यावरचा तारा चार महिन्यांचाही नव्हता, पण सुरुंगाच्या कामात हात मुरलेला होता.

त्यांचं शौर्यपत्र वाचताना मन हेलावतं ते त्यातल्या घड्याळानं. ८ एप्रिल १९४८, सकाळी ११: काम सुरू करायच्या बेतात असतानाच उखळी तोफांचा मारा झाला. पथकातले दोघे ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांची जुळवाजुळव केली आणि रात्री १० पर्यंत काम चालवलं. ९ तारखेला पहाटे ६ ला पुन्हा हजर.

हे काम घाईनं होत नाही. जमिनीवर पालथं पडायचं आणि संगीन किंवा सळई तिरकी खुपसत पुढं सरकायचं. सरळ उभी खुपसली तर टोक सुरुंगाच्या वरच्या तबकडीवर दाबतं, आणि स्फोट तिच्यावरच्या दाबानंच होतो. काही कठीण लागलं की माती बाजूनं काढायची, वरून कधीच नाही. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या वजनानं सहसा फुटत नाही. फसगत होते ती इथंच, कारण तो उचलला की फुटेल असा दुसरा सापळा त्याच्या तळाशी लावलेला असू शकतो. म्हणून आधी बोटांनी खालची बाजू चाचपायची आणि शंका असली तर दोर बांधून आडोशाहून ओढायचं. मोकळी झालेली वाट पांढऱ्या फितीनं आखायची, नाहीतर मागचा चालक दोन हात चुकतो आणि सगळं वाया जातं.

राजौरीच्या वाटेवर हे सगळं मशिनगनच्या माऱ्याखाली करायचं होतं. एका ठिकाणी राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत गेले. चालकाला खुणावायला दोन दोर होते, एक थांबायचा, एक चालायचा. स्ट्युअर्ट रणगाडा आणि जमीन यांच्यात दीड फूटही जागा नसते.

पुढं चीडची झाडं रस्त्यावर आडवी टाकलेली होती, ती सुरुंग लावून उडवली. एके ठिकाणी रस्त्याखालची मोरीच उद्ध्वस्त केलेली. अशा वेळी मोरी बांधत बसता येत नाही, बगलेनं वाट काढावी लागते: दोन्ही काठ उतरते कापायचे, खळग्यात दगड भरायचे. उतार फार उभा राहिला तर रणगाड्याच्या साखळ्या जागच्या जागी माती उकरतात, आणि दरीकडची कड कच्ची राहिली तर रणगाडा कलंडतो. ९ तारखेच्याच संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठ्या झाडांचा अडथळा लागला, भोवती सुरुंग पेरलेले. अंधार पडत होता, तरी ते काढायला बसले. शेवटी तुकडीच्या कमांडरनंच रणगाडे मुक्कामाला मागं घेतले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांपाशी. साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी भरलेले, तेही साडेदहापर्यंत साफ. रणगाडे तावी नदीच्या पात्रातून दुपारी २ ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रात्री ९ पर्यंत रस्ता नीट करत राहिले, न जेवता, न थांबता. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. रणगाडे निघून गेल्यावर तिथं पाहायला कोण होतं? दुसऱ्या दिवशी ११ वाजता चिंगसचा रस्ता खुला झाला आणि १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोचलं.

१९५५ मध्ये राजेश्वरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. लष्करातली नोकरी १९७१ पर्यंत चालली, मग घर पुण्यात. १९८४ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशननं एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. ते त्यांच्या हयातीत झालं, याचं फार बरं वाटतं. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आज त्यांचा पुतळा आहे. चेंडिया तिथून जवळच.