आवाजाचा टेकू

दणदणीत स्पीकरजवळ हात धरला की तळव्याला हवा ढकलल्यासारखी जाणवते. आवाज म्हणजे हवेतले धक्केच, हे शाळेत पाठ केलेलं असतं. तरी आवाजाने एखादी वस्तू उचलून धरली म्हटलं, की मन आधी जादूटोण्याकडेच वळतं.

अर्न्स्ट क्लाड्नी हा जर्मन गृहस्थ शिकला कायदा आणि रमला धातूच्या पत्र्यांवर वाळू भुरभुरवण्यात. पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. वाळू थयथयाट करते, सैरावैरा पळते आणि पत्रा जिथे हलतच नाही त्या रेषांवर निमूट जाऊन बसते. या आकृत्या त्याने १७८७ मध्ये छापल्या, १८०९ मध्ये नेपोलियनला दाखवल्या. त्यांचं गणित मांडणाऱ्याला पॅरिसमध्ये बक्षीस जाहीर झालं. सोफी जर्मेन यांनी ते १८१६ मध्ये मिळवलं, तेही तिसऱ्या खेपेला. आणि समारंभाला त्या फिरकल्याच नाहीत! मला या बाई फार आवडतात.

वाळूचं हे गुपित हवेतही चालतं. गाड्यांच्या पार्किंग सेन्सरमध्ये असतात तसले बारके ध्वनिक्षेपक समोरासमोर लावायचे. ४० किलोहर्ट्झच्या लहरी एकमेकींवर आदळून जागच्या जागी उभ्या राहतात आणि सुमारे ४ मिलिमीटरच्या अंतराने दाबाची चढउतार जवळपास नसलेल्या जागा तयार होतात. थर्मोकोलचा मणी चिमट्याने तिथे अलगद सोडला की तरंगतो. वजनामुळे नेमक्या जागेच्या किंचित खाली, थरथरत. पाण्याचा थेंब ठेवला तर चपटा होतो. एवढा प्रचंड आवाज चालू असतो, पण आपल्याला काही ऐकू येत नाही, कारण आपले कान २० किलोहर्ट्झपाशीच थांबतात.

चीनमधल्या शीआन इथल्या संशोधकांनी तर २००६ मध्ये जिवंत मुंगी तरंगवली. बिचारी हवेतच पाय मारत राहिली. पायाखाली काही असेल तर चालणार ना! अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत औषधांच्या द्रावणाचे थेंब असेच अधांतरी ठेवून अभ्यासतात. भांड्याचा स्पर्शच नको, कारण भांड्याला टेकलं की औषधाचे स्फटिक व्हायला लागतात.

मग माणूस का नाही? उचलायची वस्तू साधारणपणे अर्ध्या तरंगलांबीहून लहान हवी. उभ्या माणसासाठी चारेक मीटरची लहर लागेल, म्हणजे सुमारे ८५ हर्ट्झ. हा आवाज मात्र आपल्याला व्यवस्थित ऐकू येतो. पाय जमिनीवरून सुटण्याच्या कितीतरी आधी कानांचे पडदे गेलेले असतील.