पेलेट स्टोव्हसाठी बॅटरीची सोय : माझा अनुभव

लाकडाच्या साध्या शेगडीला विजेशी काही देणंघेणं नसतं. पेलेट स्टोव्हचं तसं नाही. भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या निखाऱ्यापर्यंत ढकलणारा स्क्रू मोटरवर फिरतो, धूर बाहेर ओढणारा पंखा विजेवर, खोलीत गरम हवा सोडणारा पंखाही विजेवरच. वीज गेली की ऊब थांबते हे खरं, पण मला जास्त भीती धुराची होती. पंखा बंद पडला तरी भांड्यातल्या गोळ्या धुमसत राहतात आणि नळीला पुरेशी उंची नसेल तर धूर खोलीत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना वास ना रंग. म्हणून सगळ्यात आधी बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म बसवला.

मग स्टोव्ह वीज किती खातो ते मोजलं. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर पुरतो. एकदा पेटल्यावर माझा स्टोव्ह ९० वॉटच्या आसपास घेतो. पेटताना मात्र आतली तापणारी कांडी सुरू असते आणि आकडा ४०० च्या वर जातो. इन्व्हर्टर निवडायचा तो या मोठ्या आकड्यावरून, बॅटरी निवडायची ती लहान आकड्यावरून. हे नीट लक्षात आलं आणि पुढचं सोपं झालं.

बॅटरीचा हिशेब असा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. शिशाची असेल तर निम्म्यापेक्षा जास्त उपसू नये, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. उरले ६०० वॉट-तास. त्यातले थोडे इन्व्हर्टर स्वतः खातो, म्हणजे ९० वॉटच्या हिशेबाने हाती साडेपाच तास. थंडीत शिशाची बॅटरी आणखी कमी देते आणि स्टोव्ह लागतो तो थंडीतच. मी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. ती ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. पण गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती घराच्या आतच ठेवली आहे.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाराच हवा, यावर मी ठाम आहे. स्वस्तातल्या चौकोनी लहरीवर मोटरी घुमतात, तापतात आणि कंट्रोल बोर्डही बिघडू शकतो. स्टोव्हच्या पुस्तिकेत अर्थिंगबद्दल जे लिहिलं आहे, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. ४०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर ३३ अँपिअरहून जास्त प्रवाह, म्हणून बॅटरीच्या तारा जाड आणि आखूड, आणि बॅटरीला लागूनच फ्यूज.

जनरेटरचा विचार केला होता. तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून चांगला लांब ठेवावा लागतो आणि वीज गेल्याबरोबर कुणीतरी जाऊन सुरू करावा लागतो. तोवर पंखा थांबलेलाच. इन्व्हर्टर क्षणात भार उचलतो, माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला.

आता वीज गेली की मी स्टोव्ह विझवत नाही, सगळ्यात मंद आचेवर आणतो. पुन्हा पेटवायला कांडी दहा मिनिटं चालली तर तेवढ्या विजेत स्टोव्ह पाऊण तास चालू राहतो. बॅटरी अर्ध्याखाली गेली की तो रीतसर बंद करतो आणि राख थंड होईपर्यंत पंखा फिरू देतो. त्यासाठी लागणारी वीज शेवटपर्यंत राखून ठेवतो. हिवाळा सुरू होण्याआधी स्टोव्ह पेटता असताना इन्व्हर्टरला येणारी वीज मुद्दाम तोडून हे सगळं एकदा करून बघतो.