तांबं उघडं पडलं तरी

अस्सल चांदीच्या भांड्यांना चोरापेक्षा भावाची भीती जास्त. भाव चढला की भांडी मुशीत जातात. मग ती कुणी घडवली, त्यावर कुणाचे किती महिने गेले, हे कुणी विचारत नाही. चौदाव्या लुईने १६८९ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातलं चांदीचं फर्निचर लढाईच्या खर्चासाठी वितळवलं. राजाघरी ही गत, तर बाकीच्यांचं काय! १९८० च्या जानेवारीत चांदी औंसामागे जवळजवळ ५० डॉलरला जाऊन भिडली, तेव्हा घरोघरची पिढीजात भांडी निव्वळ वजनावर विकली गेली आणि वितळली.

मुलाम्याच्या भांड्यांवर ही वेळ आली नाही. आत तांबं किंवा निकेलचा मिश्रधातू आणि वर चांदीचा पापुद्रा. वितळवून हाताला लागणार काय? ‘म्हणजे खरी चांदी नाही तर!’ असं म्हणून लोक नाक मुरडतात. नाहीच. म्हणून तर ती अजून शिल्लक आहेत, आणि म्हणून माझ्यासारख्या बेताच्या ऐपतीच्या माणसाला ती जमवता येतात.

या सगळ्याची सुरुवात एका अपघाताने झाली म्हणतात. १७४३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफील्डचा सुऱ्या करणारा कारागीर थॉमस बोल्सओव्हर एका सुरीची मूठ दुरुस्त करत होता. धातू जरा जास्तच तापला आणि चांदी-तांबं एकमेकांना घट्ट चिकटलं. हा जोड लाटत नेला तर दोन्ही धातू सारखेच पातळ होत जातात, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने स्वतः त्यातून मुख्यतः बटणं केली. मोठी भांडी करायचं धाडस नंतरच्यांनी केलं. या पद्धतीत पत्रा आधी तयार होतो, भांडं मागाहून घडतं. त्यामुळे जिथे पत्रा कापायचा तिथे कडेला तांब्याची लाल रेघ दिसणार. ती झाकायला चांदीची तार बसवत. मालकाचं नाव किंवा चिन्ह कोरायचं तर आणखी पंचाईत, कारण कोरणी जरा खोल गेली की खालचं तांबं वर. मग तेवढ्या जागी चांदीचा जाडसर तुकडा बसवून घासून घासून एकजीव करायचे. नुसत्या डोळ्याला तो सांधा दिसत नाही. पण भांडं तोंडाशी धरून ‘हाः’ करून वाफ सोडा. धुरकटलेल्या पृष्ठभागावर ढालीसारखी एक आकृती उमटते आणि बघता बघता विरते. मी हे पाहुण्यांना करून दाखवतो. घरच्यांना आता त्याचा कंटाळा आलाय.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि क्रम उलटा झाला: भांडं आधी, चांदी नंतर. द्रावणात पोटॅशियम सायनाइड वापरायची युक्ती जॉन राइट नावाच्या एका सर्जनची. म्हणजे जालीम विषात बुडवून काढलेल्या चमच्याने सभ्य जग सूप भुरकायला लागलं! दोनेक वर्षांत पॅरिसच्या शार्ल क्रिस्तोफलने फ्रान्सपुरते हक्क मिळवले. पुढे तिसऱ्या नेपोलियनने शंभर पानांच्या मेजवानीसाठी मधोमध मांडायची शोभेची प्रचंड मांडणी त्याच्याकडून करून घेतली, तीही मुलाम्याचीच. १८७१ मध्ये त्विलरी राजवाडा जळाला. त्या राखेतून निघालेले तिचे भाग आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. सम्राटाला मुलामा चालतो, नाक आपण मुरडायचं.

मी मात्र एकाच घराण्याच्या मागे लागलोय: शेफील्डचे जेम्स डिक्सन अँड सन्स. १८०६ पासूनचा धंदा. पुढे मुलगे हाताशी आले आणि पाटीवर ‘अँड सन्स’ लागलं. त्यांची खूण म्हणजे तुतारी. टीपॉट उलटा केला आणि तळाशी ती इवलीशी तुतारी दिसली की माझा चेहरा विक्रेत्याला कळेल इतका खुलतो, आणि घासाघीस तिथेच संपते. १८८० च्या आसपास ख्रिस्तोफर ड्रेसर या ब्रिटिश डिझायनरने त्यांच्यासाठी काही नमुने काढले. एक टीपॉट तर चौकट टोकावर उभी करून मधोमध चौकोनी भोक पाडल्यासारखा. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. भोवतीचं सगळं जग फुलापानांनी लडबडलेलं असताना या माणसाला हे सुचलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं. तो माझ्याकडे नाही, कधी येणारही नाही. त्याची किंमत आता अस्सल चांदीला लाजवते. डॉन नदीकाठच्या त्यांच्या कारखान्यात, कॉर्निश प्लेसमध्ये, आता फ्लॅट झालेत.

या नादात शिकायचं ते तळाकडे बघायला. तिथले आकडे भल्याभल्यांना चकवतात. अमेरिकेतल्या रॉजर्स बंधूंच्या चमच्यावर १८४७ असतं, पण तो चमचा त्या सालचा नव्हे. ते छापाच्या नावातलंच साल, नंतर कितीतरी दशकं तसंच उमटत राहिलं. जर्मनीच्या डब्ल्यूएमएफ कंपनीच्या काट्यावर ९० दिसलं की नवशिक्या ९० टक्के चांदी समजून हरखतो. ते ९० ग्रॅम, आणि तेही अख्ख्या संचातल्या डझनभर काट्यांवर आणि डझनभर चमच्यांवर मिळून पसरलेले. ‘ई.पी.एन.एस.’, म्हणजे ‘इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर’, हा शिक्का तर सगळ्यात वाकबगार: त्यातलं ‘निकेल सिल्व्हर’ म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा त्यात कणही नाही.

शिक्का फसवेल, झीज फसवत नाही. टेबलावर ठेवलेला चमचा जिथे टेकतो, तिथे पाठीवर चांदी आधी जाते. काट्याची टोकं जातात. टीपॉटच्या झाकणाची बिजागरी उघडून उघडून आधी पिवळी पडते. उजव्या हाताने वर्षानुवर्षं ताटली खरवडली की चमच्याचं डावं अंग झिजून तिरपं होतं. माझ्याकडच्या एका संचात सगळे चमचे डावीकडे झिजलेत आणि एकच उजवीकडे. त्या घरात कुणीतरी डावखुरं होतं आणि त्याचा चमचा ठरलेला होता. झिजेची ही दुखणी कारखानदारांनाही ठाऊक होती. ‘होम्स अँड एडवर्ड्स’ नावाची अमेरिकन कंपनी चमच्याच्या नेमक्या टेकायच्या जागी अस्सल चांदीचे ठोकळे बसवून वर मुलामा देत असे. मला हा कारागिरीतला सगळ्यात समंजस विचार वाटतो.

पुन्हा मुलामा चढवून घ्या, असं सुचवणारे भेटतातच. रोज वापरायच्या निकेलच्या चमच्यांना घ्या चढवून, माझी ना नाही. पण बोल्सओव्हरच्या पद्धतीने घडवलेल्या जुन्या शेफील्डच्या भांड्यावर विजेचा मुलामा म्हणजे शुद्ध गाढवपणा. कडेची तार, ढालीचा सांधा, सगळं एका रंगात बुडतं आणि जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतो. माणसाचं पितळ उघडं पडलं की त्याची पत जाते. या भांड्यांचं तांबं जरासं डोकावलं तर उलट खात्री पटते.

जपायचे नियम थोडेच. मीठ भांड्यात राहू द्यायचं नाही, ते चांदी खातं. म्हणून तर मिठाच्या वाट्यांना आत काच असते किंवा सोन्याचं पाणी. रबर बँड बांधायचा नाही, त्यातल्या गंधकाने काळे पट्टे उठतात. घासायचं कमी, वापरायचं जास्त. अगदीच काळवंडलं तर अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा. काळा थर उलट फिरून पुन्हा चांदी होतो. पॉलिशने तो थर चांदीसकट पुसला जातो, आणि पापुद्र्यात पुसायला असतं तरी किती?

मुलामा स्वस्त झाल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळात जेवणाच्या टेबलावर एकेका जिनसाला वेगळं हत्यार आलं. शतावरीला चिमटा, टोस्टला घडवंची, माशाला निराळी सुरी-काटा. माझ्याकडे त्यातली द्राक्षांची कात्री आहे; घड हाताने तोडणं असभ्य, म्हणून. तिच्या मुठीवरही द्राक्षाचे वेल आहेत, न जाणो कुणी दुसरं काही कापेल! मी तिने पार्सलं उघडतो. धार बेताचीच, पण चिकटपट्टी कापते. आत बहुधा आणखी एखादा चमचा असतो.