आधी पंखा बंद, मग फ्लश
"फ्लश करताना छतावरचा पंखा लावा, वास जातो." अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर एका मोटरहोमवाल्याने (मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी) नवख्या कुटुंबाला दिलेला हा सल्ला दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

होतं नेमकं उलटं! पंखा आतली हवा बाहेर ओढतो. कमोडची झडप उघडली की त्या हवेची जागा घ्यायला खालच्या मैल्याच्या टाकीतली दुर्गंधी वर येते.

या टाकीचा मैला बाहेर सोडणारा व्हॉल्व्हही कायम उघडा नको. पाणी वाहून जातं, मैला तळाशी साचून वाळतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा आणि लगेच १०-१५ लिटर पाणी आत सोडा. टाकीत मैला कुजवणाऱ्या जिवाणूंचं औषध घालत असाल तर ब्लीच अजिबात नको, ते जिवाणू मरतात. कमोडमध्ये पाणी टिकत नसेल, तर झडपेचं रबरी सील बदला.

गाडी विकताना हे पाच मिनिटांत का सांगत नाहीत?