पिठल्यातली गोळी

आमचे काका दादाची गोळी खलबत्त्यात कुटून पिठल्यात मिसळायचे. दोनेक महिने खपलं, एक दिवस दादाच्या जिभेला कडू लागलं अन् तवापासून गड्यानं घरचं जेवणच सोडलं, स्टँडवरून वडापाव आणायचा अन् कोपऱ्यात बसून खायचा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. स्किझोफ्रेनिया. अ‍ॅडमिट केला की माणसात येतो, घरी आला की "मला काय झालंय?" म्हणून गोळ्या बंद, तीन-चार महिन्यांत पुन्हा रातभर भिंतीसंगं भांडण.

म्हणून न्यूयॉर्कचा केंड्रा लॉ वाचला तवा वाटलं, असलाच कायदा पाहिजे राव. १९९९ च्या जानेवारीत केंड्रा वेबडेल नावाच्या पोरीला एका पेशंटनं मेट्रोपुढं ढकललं, ती गेली, अन् त्याच वर्षी हा कायदा आला. कोर्ट सांगतं, घरीच राहा पण उपचार घ्यायचे. नाही घेतले तर धरून सुई टोचत नाहीत, तपासायला जास्तीत जास्त ७२ तास दवाखान्यात नेऊन ठेवता येतं, बस.

पण पुढं वाचलं तर तो ढकलणारा स्वतःच कितीदा मला भरती करा म्हणत दवाखान्यात गेलेला! म्हणजे नको म्हणणारं नेमकं कोण होतं?

इंग्लंडात पण २००८ पासून असले ऑर्डर निघतात. तिथं ३३६ पेशंटचा अभ्यास झाला, ऑर्डर असो नसो, वर्षभरात परत भरती होणारे दोन्हीकडं सारखेच, ३६ टक्के.

आपल्याकडं २०१७ च्या कायद्यात पेशंटनं स्वतः निवडलेल्या माणसाच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत भरती करता येते, मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी १० दिवस पाठवू शकतो. घरी आल्यावर मात्र गोळी घे म्हणून सक्ती करणारं कलम नाही. त्याच कायद्यात ग्रामीण रुग्णालयापासून पुढं सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्या फुकट अन् कायम मिळाल्या पाहिजेत असं बी लिहिलंय. आमचे काका उन्हाचं तीस किलोमीटर एसटीनं गेले की खिडकीतून ऐकू येतं, "संपल्यात, पुढच्या सोमवारी या." आता सांगा, कोर्टानं ऑर्डर काढायची कुणाला? दादाला का त्या खिडकीला?

काकू तर अजून म्हणायलीय की बाहेरचं हाय. असो.

हल्ली डॉक्टरनं महिन्याचं इंजेक्शन सुरू केलंय, विचारून, समजावून. दादा जातो, काकाच्या गाडीवर मागं बसून. पिठलं मात्र अजून खात नाही.