जत्रेमागून जत्रा: सिंधुदुर्गातल्या दशावताराच्या रात्री

कार्तिकी पौर्णिमा उलटली की सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, दोडामार्ग या पट्ट्यात रोज रात्री कुठे ना कुठे जत्रा असते. गाव बदलते, देव बदलतो. खाजा (गुळाचा लेप दिलेल्या बेसनाच्या कांड्या) विकणारे खाजावाले, खेळणीवाले, भज्यांची हॉटेले आणि दशावताराची, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या इथल्या लोकनाट्याची कंपनी मात्र आज इथे, उद्या डोंगरापलीकडच्या वाडीत, अशी सरकत राहतात. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हे चालते, पण खरी दाटी थंडीतच. एक मोठी जत्रा पाहून परतण्यापेक्षा तीन-चार रात्री सलग फिरावे. कंपनी काय चीज आहे ते तेव्हाच कळते.

आधी तारखेचा घोळ मिटवून घ्या. जत्रा तिथीने ठरतात, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख यंदा कामाची नाही. दुसरे म्हणजे, जत्रा १६ तारखेची असली तरी नाटक सुरू होते ते १७ च्या पहाटे एक-दीडला आणि संपते उजाडताना. परतीचे तिकीट सकाळच्या गाडीचे काढले की नाटकाचा उत्तरार्ध हातचा जातो. संध्याकाळची किंवा रात्रीची गाडी बघा. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस सावंतवाडी रोडपर्यंतच येते, ती सोयीची. कोकणकन्याही आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यांत जागा टिकत नाहीत. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे. उतरल्यावर रिक्षा लागतेच.

मुक्काम सावंतवाडीत किंवा कुडाळात ठेवा. लॉजवाल्याला फोनवरच सांगा की झोप दिवसाची आहे. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बाराला मिळते आणि तुम्ही जागरण करून सकाळी सातला दारात उभे राहणार. खोली आदल्या दिवसापासूनच घेतलेली बरी. रात्री बॅगाही तिथेच राहतात.

या वेळची फेरी सोनुर्लीपासून धरली. तिथल्या माऊली देवीची जत्रा कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरते आणि ती लोटांगणाची जत्रा म्हणून ओळखली जाते. दिवसभर ओट्या आणि नवस, रात्री पालखी, मग लोटांगणे. पुरुष देवळाभोवती जमिनीवर लोळत प्रदक्षिणा घालतात, बायका उभ्याने. गर्दी प्रचंड. ओटी भरायची असेल तर सकाळीच रांगेला लागा, रात्रीसाठी ठेवू नका. गाडी गावाच्या बाहेरच लावावी लागते, तेव्हा ती परतीच्या दिशेला तोंड करून लावा. लोटांगणाच्या वाटेवर मोबाइल धरून उभे राहू नका. तिथे आधीच जागा नसते, आणि लोळणाऱ्याला समोरचे दिसत नाही. तुलाभार, म्हणजे नवस फेडायला वजनाइतक्या वस्तू देवीला वाहणे, दुसऱ्या दिवशी. एवढ्या गर्दीत दशावतार नीट पाहायला मिळेल ही आशा सोडून द्या. सोनुर्ली माऊलीसाठी करावी, नाटकासाठी नव्हे.

नाटकासाठी सह्याद्रीच्या पायथ्याची लहान जत्रा गाठा. कुठल्या गावात कोणती कंपनी, हे स्थानिक दैनिकांत येते, व्हॉट्सॲपवरही रोजची यादी फिरते. खात्रीचा मार्ग म्हणजे आदल्या रात्री खाजावाल्याला विचारणे: ‘उद्या खंय?’ (उद्या कुठे?) पुढच्या आठवड्याची जत्रावार माहिती त्याच्या तोंडावर असते, कारण त्याचे पोटच त्यावर आहे. कंपन्यांची नावेही गावांवरून पडलेली: वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, आरोलकर, चेंदवणकर. बऱ्याच देवळांत अमुक कंपनीचाच मान, असे परंपरेने ठरलेले असते. जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसते. मात्र आरतीचे तबक फिरते तेव्हा त्यात काहीतरी टाकण्याची रीत आहे. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

रात्रीचा क्रम साधारण असा. नऊ-दहापर्यंत दर्शन आणि बाजार. अकरा-बाराच्या सुमारास ढोल वाजतो, तरंग (देवाचे प्रतीक म्हणून सजवलेले खांब) आणि पालखी देवळाभोवती फिरतात, फटाके उडतात. या वेळी बसायची जागा धरून ठेवायला एकाने मागे राहावे, कारण पालखी टेकली की सगळी गर्दी एकदम मांडवात घुसते. कंपनीचा पेटारा, म्हणजे वेश आणि सामानाची पेटी, आधीच देवळात आलेला असतो. त्याची पूजा होते. त्याला हात लावू नये, त्यावर पिशवी ठेवू नये, त्याच्याकडे पाय करून बसू नये. नट रंगायला बसतात ती जागा पाहण्यासारखी असते. प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो. आत जायचे असेल तर आधी विचारा, आणि साडी नेसत असलेल्या ‘राणी’चा फोटो काढू नका. स्त्रीपात्रे पुरुषच करतात आणि त्या तयारीची त्यांना आब असते.

पहिला भाग आडदशावताराचा, म्हणजे मुख्य कथेआधीच्या पूर्वरंगाचा: सूत्रधार, मुखवट्याचा गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि मग काळ्या वेशातला संकासुर. बाहेरून आलेली माणसे हा भाग ‘पूजेसारखा आहे’ म्हणून चहाला उठतात, आणि नेमके तिथेच चुकते. बाकीची पात्रे ग्रांथिक मराठी बोलतात, संकासुर मालवणीत. तो गावच्या रस्त्यावरून, सरपंचावरून, समोर पेंगणाऱ्यावरून बोलतो. मालवणी पहिल्या दिवशी अर्धी कळते, तिसऱ्या दिवशी बरीच. वेळ कमी पडला की कात्री या भागालाच लागते, म्हणून उशिरा पोचू नका.

पुढे आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. लिहिलेली संहिता नाही. कोणती कथा लावायची हे बहुधा गावात पोचल्यावर ठरते, आणि रंग चढवता चढवता नट प्रसंग वाटून घेतात. नेपथ्य म्हणजे एक बाक. तोच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. बसावे वादकांच्या समोरच्या अंगाला. पखवाजवाला आणि नट यांच्यात नजरेने जे चालते ते तिथूनच दिसते, आणि नट पदाला जाणार की युद्धाला हे पायपेटीवर (पायाने भाता हलवायच्या पेटीवर) हात पडायच्या आधीच कळते. हाच नट दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात वेगळ्या भूमिकेत पाहिला की सलग फिरल्याचे चीज होते. स्पीकरच्या खोक्यासमोर बसू नका, तीन तासांनी कान बधिर होतात. ‘ट्रिकसीनयुक्त’ अशी जाहिरात असलेले नाटक एकदा जरूर पाहा. धूर निघतो, मुंडकी उडतात, पोरे खूश होतात. पण चांगल्या नटाला त्याची गरज नसते, हे तिसऱ्या रात्रीपर्यंत तुम्हीही म्हणाल.

बिघडते कुठे? बहुतेक वेळा पहाटे तीनला, आणि दवामुळे. संध्याकाळी उकडत असते म्हणून माणसे पातळ शर्टावर येतात. नंतर दव पडते, जमीन ओलावते आणि नुसती चटई भिजते. खाली प्लास्टिकची ताडपत्री, वर चटई, अंगावर शाल आणि कानाला बांधायला काहीतरी, एवढे हवेच. आंबोलीच्या बाजूच्या गावांत स्वेटरही. गर्दीने मोबाइलचे नेटवर्क बसते आणि पैसे ऑनलाइन जात नाहीत, म्हणून रोख ठेवा. चपला देवळाबाहेरच्या ढिगात न टाकता पिशवीत घालून जवळ ठेवा. एसटीची शेवटची गाडी संध्याकाळीच निघून जाते. मोठ्या जत्रांना जादा गाड्या असतात, लहान जत्रांना नाही. रिक्षा ठरवताना जाणे, रात्रभर थांबणे आणि येणे, तिन्हींचे मिळून भाडे आधी ठरवा. स्वतःच्या गाडीने आलात तर चालवणाऱ्याने नाटक सुरू व्हायच्या आधी दोन तास गाडीतच झोप काढावी. उजाडताना धुके, वळणे आणि रस्त्यावर गुरे.

एखादा दिवस मातोंडच्या घोडेमुखासाठी ठेवता आला तर ठेवा. ही जत्रा डोंगरावर भरते आणि तिला कोंब्यांची जत्रा म्हणतात. नवसाचे कोंबडे हजारोंनी येतात. ज्यांना बळी पाहवत नाही त्यांनी पायथ्याच्या बाजारावर समाधान मानावे. वर चढायचे तर पाणी सोबत घ्या.

नाटक संपल्यावर लगेच उठू नका. दहीकाला होतो, हंडी फुटते. दशावताराला इथे ‘धयकालो’ म्हणतात ते त्यावरूनच. नंतर तासाभरात दुकाने टेंपोत चढू लागतात, तेव्हा खाजा घ्यायचा तर त्याआधी. बेसनाच्या कांड्यांवर गुळाचा आणि आल्याचा लेप असतो. कांडी मोडून बघा, कट्टकन तुटली तर ताजा. खटखटे लाडू दातांचा विचार करूनच घ्या. दमट हवेत गूळ सुटतो आणि खाजा एकमेकांना चिकटतो, म्हणून कागदी पुडीवर भागवू नका. घरून घट्ट झाकणाचा डबा न्या.